विनोदी अद्भुत चित्रकथांचे प्रौढ वाचकांना असणारे आकर्षण : मराठी परंपरा आणि जपानी मांगा यांच्या संदर्भात

प्रस्तावना

चित्रकथा म्हणजे बालवाङ्मय, असा समज आपल्याकडील शिक्षित वर्गात दीर्घकाळ रूढ आहे. १९६४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली इंद्रजाल कॉमिक्स, १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेली अमर चित्रकथा आणि घरोघरी वाचला गेलेला ‘चांदोबा’ यांमुळे हा समज दृढ झाला. चित्रे पाहत वाचायचे ते वय शाळेबरोबर संपते आणि त्यानंतरचे गंभीर वाचन केवळ अक्षरांचे असते, असे आपण गृहीत धरतो. या समजाला छेद देणारा एक वाङ्मयप्रकार गेल्या काही वर्षांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या वाचनात मोठ्या प्रमाणावर आला आहे. तो म्हणजे जपानी चित्रकथा, अर्थात मांगा. त्यातही अद्भुत विश्वात घडणाऱ्या, विनोदी आणि तरीही प्रौढ वाचकांसाठी लिहिलेल्या मालिकांना मिळणारा प्रतिसाद विशेष लक्षणीय आहे.

राक्षस, जादूगार आणि ड्रॅगन यांच्या हास्यकारक कथेत जाणत्या माणसाने रमावे असे काय असते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना दोन जपानी मालिकांबरोबरच मराठीतील चित्रमय विनोदाच्या परंपरेचाही विचार केला आहे. ही आवड सर्वस्वी परकी नसून तिची बीजे आपल्या लोकरंगभूमीत आणि दिवाळी अंकांत आढळतात, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

‘प्रौढ’ या शब्दाचे दोन अर्थ

‘प्रौढांसाठी’ असा शिक्का एखाद्या पुस्तकावर दिसला की आपल्या मनात प्रथम शृंगारिकतेचा किंवा अश्लीलतेचा विचार येतो. परंतु प्रौढत्वाचा दुसराही एक अर्थ आहे. ज्याने घरभाडे भरले आहे, आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढली आहे, महिनाअखेरीस हिशेब जुळवला आहे आणि नावडत्या सहकाऱ्याबरोबर वर्षानुवर्षे काम केले आहे, तो प्रौढ होय. पहिल्या अर्थाने प्रौढ असणारे साहित्य लहान मुलांपासून दूर ठेवावे लागते. दुसऱ्या अर्थाने प्रौढ असणारे साहित्य मुलांच्या हाती पडले तरी बिघडत नाही. त्यातील निम्मा विनोद त्यांना कळत नाही, एवढेच.

जपानमध्ये मांगा मासिकांची वर्गवारी वाचकवर्गानुसार केली जाते. ‘शोनेन’ म्हणजे किशोरवयीन मुलांसाठी, ‘शोजो’ म्हणजे किशोरवयीन मुलींसाठी, ‘सेइनेन’ म्हणजे वयात आलेल्या पुरुषांसाठी आणि ‘जोसेई’ म्हणजे प्रौढ स्त्रियांसाठी. प्रत्यक्षात वाचक या सीमा सहज ओलांडतात. सेइनेन मासिकांत हिंसा व शृंगार यांना जागा असते हे खरे. परंतु स्वयंपाक, कार्यालयीन जीवन, वार्धक्य असे संथ विषयही तेथे सुखेनैव नांदतात. म्हणजेच ‘प्रौढांसाठी’ या शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे एकाच छत्राखाली येतात. आपण मात्र पहिला अर्थ तेवढा लक्षात ठेवतो आणि त्यामुळे दुसऱ्या अर्थाच्या कृतींकडे आपले दुर्लक्ष होते.

हास्य आणि अद्भुत : रसविचाराची बाजू

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ रसांत हास्य आणि अद्भुत या दोहोंचाही समावेश आहे. हास्याचा स्थायीभाव हास, तर अद्भुताचा विस्मय. भरतांच्या मते शृंगारापासून हास्याची आणि वीरापासून अद्भुताची उत्पत्ती होते. हास्याच्या विभावांत त्यांनी विकृत वेष, विकृत आकार, विपरीत आचरण यांची गणना केली आहे. जे जेथे शोभत नाही ते तेथे आले की हसू फुटते, असा याचा आशय आहे.

या मांडणीचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. विस्मयासाठी वस्तू अनोळखी असावी लागते, तर हास्यासाठी तिची रीत ओळखीची असावी लागते. हे दोन्ही एकत्र आणायचे तर लेखकाला एकच मार्ग उरतो : जग अनोळखी ठेवायचे आणि त्यातील व्यवहार मात्र अगदी घरगुती ठेवायचा. ड्रॅगन समोर उभा आहे आणि तो कसा शिजवावा यावर वाद चालला आहे, अशी स्थिती निर्माण झाली की वीर, अद्भुत आणि हास्य एकमेकांत मिसळतात. घरगुती व्यवहाराची ओळख जितकी पक्की, तितका हा विनोद अधिक भिडतो.

मराठी परंपरेतील पूर्वखुणा

सातारा आणि सांगली हे जिल्हे तमाशाच्या परंपरेने समृद्ध आहेत. सांगली जिल्ह्यातील कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या बंधूंनी आपल्या वगांतून दीर्घकाळ महाराष्ट्राला हसवले. तमाशाच्या आरंभी गणानंतर येणारी गवळण या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवतात. पुरुष कलावंताने रंगवलेली मावशी त्यांच्याशी हुज्जत घालते. प्रत्यक्ष परमेश्वर येथे नाक्यावर अडून बसलेल्या जकात कारकुनासारखा वागतो. ज्याला बाजार, जकात आणि घासाघीस ठाऊक आहे त्यालाच या प्रसंगातील खरी गंमत कळते. देवाचे देवपण कोठेही नाहीसे होत नाही. ते काही काळ आपल्या गल्लीत राहायला येते. कोकणातील दशावतारात आणि १९८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ या मालवणी नाटकात हीच वृत्ती वेगळ्या प्रकारे प्रकट झाली. गावकऱ्यांनी बसवलेल्या महाभारताच्या प्रयोगात पुराणातील भव्यता आणि गावातील रुसवेफुगवे एकमेकांवर आदळतात आणि त्यातून हास्य निर्माण होते.

मुद्रित चित्रांतही ही वृत्ती आढळते. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी येथून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू झाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी व्यंगचित्रांना मासिकात सन्मानाचे स्थान दिले. कारखान्याच्या वसाहतीतून निघणाऱ्या या मासिकाचा वाचक मुख्यतः नोकरदार, संसारी माणूस होता. मराठीत रेखाटलेला विनोद प्रारंभापासून प्रौढांनी प्रौढांसाठी निर्माण केला, ही गोष्ट यावरून ध्यानात येते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली होती. पुढे याच दिवाळी अंकांनी या विनोदाला वर्षातून एकदा का होईना, हक्काचे घर दिले.

अनंत अंतरकर यांच्या ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ या मासिकांनी विनोद आणि अद्भुत या दोहोंना प्रतिष्ठा दिली. बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी २९ जुलै १९२५ रोजी जन्मलेल्या शि. द. फडणीस यांनी १९५२ च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकासाठी काढलेले मुखपृष्ठ प्रसिद्ध आहे. शेजारी उभ्या असलेल्या तरुण-तरुणीपैकी एकाच्या वस्त्रावर मांजरांची नक्षी आणि दुसऱ्याच्या वस्त्रावर उंदरांची. चित्राखाली शब्द नाहीत. कापडावरची छापील नक्षी जणू सजीव होऊन दोन माणसांतील न बोललेले नाते सांगते. हे शुद्ध अद्भुत आहे; पण त्यातील स्मित ओळखीच्या संकोचातून येते. मांजर-उंदराची गंमत मुलांनाही कळेल. त्या दोघांमधील अंतर मात्र प्रौढालाच दिसेल.

मधुकर पाटकर यांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या ‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकाने दुसरी वाट चोखाळली. या अंकातील ‘खिडकी’ चित्रे सर्वश्रुत आहेत. पानावर एक भाग कापलेला असतो आणि त्यातून आतील चित्राचा तुकडाच तेवढा दिसतो. तो पाहून वाचक मनातल्या मनात चावट तर्क करतो. पान उलटले की संपूर्ण चित्र अगदी निरुपद्रवी निघते. चावटपणा चित्रकाराने काढलेलाच नसतो. तो पाहणाऱ्याने स्वतः रचलेला असतो. कागदाच्या एका छेदाने वाचकाला त्याच्याच मनाचे दर्शन घडवणारी ही युक्ती रचनेच्या दृष्टीने चतुर आहे. ‘प्रौढ’ या शब्दाच्या पहिल्या अर्थाला हात घालून ती त्याचीच फजिती करते.

सारांश, गवळणीने देवाला शेजारी केले, फडणिसांनी अद्भुताला रोजच्या जगण्यात आणले आणि ‘आवाज’ने वाचकाच्या कल्पनेलाच चित्राचा भाग बनवले. मात्र मराठीत ही सर्व सामग्री सुट्या चित्रांत आणि प्रसंगांत राहिली. तिचे दीर्घ, क्रमशः चालणाऱ्या प्रौढ चित्रकादंबरीत सहसा रूपांतर झाले नाही. जपानमध्ये साप्ताहिक व मासिक प्रकाशनांच्या भक्कम व्यवस्थेमुळे एकच कथा दहा-दहा वर्षे चालू शकली. आजच्या मराठी विद्यार्थ्याला मांगात जे सापडते ते या विस्तारात आहे.

‘डंजन मेशी’ : भुयारातील स्वयंपाक

र्योको कुई या लेखिका-चित्रकर्तीची ‘डंजन मेशी’ ही मालिका ‘हार्ता’ या मासिकात २०१४ ते २०२३ या काळात प्रसिद्ध झाली आणि १४ खंडांत पूर्ण झाली. २०२४ मध्ये तिच्यावर आधारित २४ भागांची सचेतपट मालिका नेटफ्लिक्सवरून जगभर पोहोचली आणि भारतीय विद्यार्थ्यांपैकी अनेकांना मूळ कृतीची ओळख त्यातूनच झाली. शीर्षकातील ‘मेशी’ म्हणजे जेवण, भात. भुयारातले जेवण, असा त्याचा सरळ अर्थ.

कथानकाचा आरंभ वीररसाचा आहे. लायोस नावाचा योद्धा आपल्या साथीदारांसह भुयारात उतरतो. लाल ड्रॅगनशी लढताना त्यांचा पराभव होतो. लायोसची बहीण फालिन आपल्या मंत्राने सर्वांना बाहेर पाठवते आणि स्वतः ड्रॅगनच्या पोटात जाते. ड्रॅगनने तिला पचवण्यापूर्वी गाठले तर तिला पुन्हा जिवंत करता येईल. परंतु हाती पैसा नाही, शिधा नाही, आणि काही साथीदार नोकरी बदलावी तसे दुसरीकडे निघून गेले आहेत. तेव्हा वाटेत जे राक्षस भेटतील तेच मारून खायचे, असा निर्णय होतो. भुयारी स्वयंपाकाचा दहा वर्षांहून अधिक अभ्यास असलेला सेन्शी नावाचा खुजा त्यांना भेटतो आणि मोहिमेला स्वयंपाकघराचे रूप येते.

यापुढे प्रत्येक प्रकरणात एक पदार्थ शिजतो. साहित्य, कृती, चव आणि पोषणमूल्य यांची माहिती पाककृतीच्या पुस्तकाप्रमाणे गंभीरपणे दिली जाते. चालती चिलखते ही वास्तविक शिंपल्यातील जिवांसारख्या प्राण्यांची वसाहत असते, असा शोध लागतो आणि ते प्राणी शिजवले जातात. किंचाळीने माणसाचा जीव घेणारी मँड्रेक ही वनस्पती उपटण्यासाठी मार्सिल ही विदुषी ग्रंथात सांगितलेली क्लिष्ट रीत अवलंबते. सेन्शी मात्र किंचाळण्यापूर्वीच तिचे मुंडके उडवून मोकळा होतो. ग्रंथज्ञान आणि अनुभवज्ञान यांतील हा सनातन वाद महाविद्यालयीन अध्यापकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. सेन्शी मातीच्या अजस्र पुतळ्यांच्या पाठीवर भाजीपाला पिकवतो. भुयारातील कोणता प्राणी किती मारावा म्हणजे तेथील जीवसाखळी टिकून राहील, याचेही भान तो बाळगतो. येथे अद्भुताला नियम आहेत आणि ते नियम शेतीचे, पर्यावरणाचे व घरखर्चाचे आहेत.

पात्रांचे प्रौढत्वही लक्षात घेण्याजोगे आहे. कुलुपे उघडणारा आणि सापळे ओळखणारा चिलचक दिसायला लहान मुलासारखा आहे. वास्तविक तो तीन मुलींचा बाप असून आपल्या जमातीच्या कामगारांची संघटना चालवतो. आगाऊ वेतन घेतल्यावाचून तो कामाला हात लावत नाही. परीकथेत कामगार संघटना आली की मुले गोंधळतात आणि प्रौढ हसतात.

मालिकेच्या उत्तरार्धात हा विनोद गडद होत जातो. फालिनला परत आणण्यासाठी मार्सिल निषिद्ध विद्येचा आधार घेते आणि त्याचे परिणाम सर्वांना भोगावे लागतात. माणसांच्या इच्छा पूर्ण करणारी आणि अखेरीस त्या इच्छाच भक्षण करणारी एक शक्ती समोर येते. कल्पवृक्षाखाली बसून मनात येईल ते मिळवणारा आणि शेवटी वाघाची कल्पना सुचल्याने प्राण गमावणारा वाटसरू आपल्या लोककथेत आहेच. खाणे आणि खाल्ले जाणे, भूक आणि इच्छा, जवळच्या व्यक्तीचा मृत्यू स्वीकारणे, हे या मालिकेचे खरे विषय आहेत. रोजच्या जेवणाच्या विनोदातून ते इतक्या सावकाश उमलतात की वाचकाला त्यांचे ओझे होत नाही.

देव भाडेकरू झाले तर

हिकारु नाकामुरा यांची ‘सेंट यंग मेन’ या इंग्रजी नावाने ओळखली जाणारी मालिका २००६ मध्ये सुरू झाली. येशू आणि बुद्ध सुटी घालवण्यासाठी पृथ्वीवर येतात आणि टोकियोच्या ताचिकावा भागात एक लहान खोली भाड्याने घेऊन राहतात, एवढीच तिची कल्पना. बुद्ध काटकसरी आहे, येशूला खरेदीचा मोह आवरत नाही. भावना अनावर झाल्या की चमत्कार आपोआप घडू लागतात आणि ते शेजाऱ्यांपासून लपवताना दोघांची तारांबळ उडते. या मालिकेसाठी नाकामुरा यांना २००९ मध्ये तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कारांपैकी लघुकृतीसाठीचा पुरस्कार मिळाला.

गवळणीशी असलेले तिचे साम्य स्पष्ट आहे. तथापि महाराष्ट्राच्या संदर्भात एक भेद सांगणे आवश्यक आहे. गवळणीतील कृष्णाची थट्टा त्याचे भक्तच करतात आणि ती परंपरेने मान्य केलेली आहे. १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर बुद्धप्रतिमा ही महाराष्ट्रातील मोठ्या समाजासाठी मानवी प्रतिष्ठेची खूण झाली आहे. जपानमध्ये शेकडो वर्षे रुळलेल्या बुद्धाकडे तेथील वाचक ज्या सलगीने पाहतो, ती सलगी येथे गृहीत धरता येत नाही. विनोद कोणी, कोणाविषयी आणि कोणासमोर करावयाचा, याला इतिहासाचे संदर्भ असतात. ही कृती वर्गात घ्यावयाची झाल्यास याच भेदाची चर्चा तिच्यातील विनोदाइतकीच उद्बोधक ठरेल.

आकर्षणाची कारणे

वरील विवेचनावरून प्रौढ वाचकाच्या आकर्षणाची तीन कारणे सांगता येतात. पहिले कारण ओळखीचे. अद्भुत विश्वातही अन्न, पैसा, झोप आणि सोबत यांवाचून भागत नाही, हे पाहून वाचकाला आपले साधे जगणे पुन्हा नव्याने दिसते. दुसरे कारण कौशल्याविषयीच्या आदराचे. बालकथेतील नायक बहुधा निवडलेला, वरदान लाभलेला असतो. येथील पात्रे आपले काम नीट जाणणारी माणसे असतात. स्वयंपाकी, कुलूपतोड्या, अभ्यासक, प्रत्येकाची उपयुक्तता त्याच्या सरावातून येते. काम करून जगणाऱ्या वाचकाला हा न्याय पटतो. तिसरे कारण दुःखाच्या मांडणीचे. मृत्यू, कर्ज, एकाकीपणा हे विषय थेट मांडले तर थकलेला वाचक पुस्तक मिटतो. हास्याने त्याला प्रथम बसवून घेतले की तेच विषय तो स्वस्थपणे ऐकतो.

काही आक्षेप

सर्व विनोदी अद्भुत मांगा या दर्जाचा असतो, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. अनेक मालिकांत स्त्रीदेहाचे उथळ चित्रण हाच विनोदाचा आधार असतो. ‘प्रौढ’ शब्दाचा पहिला अर्थ तेथे दुसऱ्याला गिळून टाकतो. आपल्या दिवाळी अंकांवरही हा आक्षेप वेळोवेळी घेतला गेला आहे आणि तो अनाठायी नाही. दुसरी गोष्ट, विद्यार्थी बहुतांशी अनधिकृत संकेतस्थळांवरून वाचतात. त्यात चित्रकाराचा मोबदला बुडतो आणि भाषांतराची गुणवत्ता तपासली जात नाही. परंतु या दोन्ही अडचणींवर दुर्लक्ष हा उपाय नव्हे. अध्यापकाने वाचलेच नाही, तर चांगले आणि हीन यांतील फरक विद्यार्थ्याला कोण दाखवणार?

महाविद्यालयांनी काय करावे

महाबळेश्वर तालुक्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी महाराष्ट्र शासनाच्या पुढाकाराने ‘पुस्तकांचे गाव’ साकारले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या उपक्रमात वाङ्मयप्रकारांनुसार पुस्तके ग्रामस्थांच्या घरांत ठेवण्यात आली. वाचनाला घरगुती व्यवहारात आणण्याचा हा प्रयोग आपल्या विषयाला पोषक आहे. परिसरातील महाविद्यालयांना तेथे सहली नेता येतील. दिवाळी अंकांतील चित्रांचे वाचन हा अशा सहलीचा एक अभ्यासविषय ठरू शकेल. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी चित्रकथांना बालविभागातून बाहेर काढून कथा-कादंबरीच्या शेजारी स्थान द्यावे. पदवी स्तरावर विनोदाचा अभ्यास करताना श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या लेखांबरोबर फडणिसांचे एखादे निःशब्द चित्र विश्लेषणासाठी ठेवावे. जुने विनोदी दिवाळी अंक जीर्ण होत आहेत. ते रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची सूची करणे आणि जतन करणे हे काम मराठी व ग्रंथालयशास्त्र विभागांनी मिळून हाती घ्यावे.

निष्कर्ष

१) विनोदी अद्भुत चित्रकथेचे प्रौढ आकर्षण अद्भुताच्या भव्यतेत नसून त्या अद्भुताला लागू केलेल्या घरगुती नियमांत आहे.

२) ‘प्रौढांसाठी’ या शब्दाचा अनुभवाधिष्ठित अर्थ मान्य केल्यावाचून या वाङ्मयाचे योग्य मूल्यमापन होणार नाही.

३) देवाला शेजारी करणारी गवळण, निःशब्द हास्यचित्रे आणि दिवाळी अंकांतील चित्रविनोद यांमुळे मराठी वाचकाची या प्रकाराशी पूर्वओळख आहे.

४) मराठीत ही परंपरा सुट्या चित्रांपुरती मर्यादित राहिली. तिला दीर्घ चित्रकथेचे रूप देऊ शकणारे लेखक व चित्रकार आज आपल्याच वर्गांत मांगा वाचत बसलेले असण्याची शक्यता आहे. त्यांच्या हातातील पुस्तकाचे नाव विचारणे, हे अध्यापकाचे पहिले काम आहे.